ठोक्यांचे माप

मराठी भाषेने माणसाच्या बहुतेक भावना काळजाच्या हवाली केल्या आहेत. भीती वाटली की काळजाचे पाणी होते. अपघात थोडक्यात टळला की काळजाचा ठोका चुकतो. मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी परतली नाही की आईच्या छातीत धडधडू लागते. भाषेची ही रीत जुनी आहे आणि सुंदरही आहे. परंतु तिच्यामुळे कधी कधी एक घोटाळा होतो. एखादी स्त्री ‘छातीत धडधडते’ असे म्हणाली, की ऐकणारा तिचे मनगट हातात घेत नाही. तो तिच्या मनात डोकावू लागतो. ‘कसली धास्ती घेतलीस? कोणी काही बोलले का?’ असे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती स्त्री भित्री ठरते. धडधड मात्र चालूच राहते.

बंगळूरच्या कॉटनपेटेत राहणाऱ्या एका काकूंच्या वाट्याला हा अनुभव जवळजवळ वर्षभर आला. बंगळूर शहराशी मराठीचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे नगर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. आजही शहराच्या जुन्या पेठांत घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारी कुटुंबे आढळतात. काकूंचे कुटुंब त्यांपैकीच एक. शिवणकाम हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. घराच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन. एकावर त्यांचे पती बसत, दुसऱ्यावर त्या स्वतः. त्या शेचाळीस वर्षांच्या होत्या. ब्लाऊज शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. गिऱ्हाइकांची मापे त्या एका जाड वहीत लिहून ठेवत आणि मापाची खात्री झाल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत.

धडधड पहिल्यांदा जाणवली ती चैत्रात, करग्याच्या रात्री. चैत्री पौर्णिमेला निघणारी करग्याची मिरवणूक बंगळूरच्या जुन्या पेठांतून फिरते आणि कॉटनपेटेतील तवक्कल मस्तान दर्ग्यातही जाते. त्या रात्री सारी पेठ जागी असते. काकू गर्दीत उभ्या होत्या. अचानक छातीत कोणीतरी मशीनचे पायडल जोरात मारावे तसे त्यांना वाटले. घरी येऊन पाणी पिऊन त्या आडव्या झाल्या, तरी वेग उतरेना. ‘गर्दीने झालं असेल,’ असे पती म्हणाले. काकूंनाही ते पटले.

पण गर्दी ओसरल्यावरही धडधड ओसरली नाही. श्रावण येईपर्यंत त्यांचे वजन उतरू लागले. विशेष म्हणजे भूक वाढली होती. शेजारणींनी नजर लागल्याचे निदान केले. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? आमच्या वेळी अशी धडधड मोजायला कुणाला सवड होती?’ कोणी पाळी जाण्याचे वय दाखविले, तर कोणी सकाळ-संध्याकाळच्या फिल्टर कॉफीवर ठपका ठेवला. काकूंनी कॉफी सोडली. फरक पडला नाही. एका दवाखान्यात झोपेची गोळी मिळाली. ती घेऊन झोप लागे. मात्र पहाटे जाग येई तेव्हा छाती तशीच धावत असे.

सर्वांत मोठे संकट हाताशी आले. दसरा-दिवाळीच्या घाईच्या दिवसांत सुईच्या नाकात दोरा ओवता येईना. बोटे बारीक थरथरत. ज्या हातांनी वीस वर्षे काज-बटणे केली, त्या हातांनी एक अस्तर वाकडे कापले. गिऱ्हाईक काही बोलले नाही. पण पुढचे कापड त्याने दुसऱ्या दुकानात दिले. त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. घरच्यांना वाटले, बघा, मनाचेच दुखणे आहे. दुखण्यामुळे रडू आले की रडण्यामुळे दुखणे झाले, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पुढे मार्गशीर्षातल्या थंडीत, सारे बंगळूर स्वेटर घालून हिंडत असताना, त्या रात्री पंखा लावून झोपू लागल्या.

या कोड्याची पहिली उकल केली ती त्यांच्या धाकट्या मुलीने. ती आठवीत होती. शाळेत विज्ञानाच्या तासाला घरातील सर्वांच्या नाडीचे ठोके मोजून आणण्यास सांगितले होते. घरात आजोबांचे एच. एम. टी. चे घड्याळ होते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्याच कारखान्यातले, रोज चावी द्यावी लागणारे ते जुने घड्याळ होते. मुलीने सेकंदकाट्यावर नजर ठेवून मोजणी केली. वडिलांचे ठोके मिनिटाला ७४ आले, आजीचे ८०, भावाचे ७८. आईचे आले १२२.

‘आई, माझं मोजायला चुकलं बहुतेक,’ असे म्हणून तिने पुन्हा मोजले. या वेळी १२४ आले.

‘तू आत्ता जिना चढून आलीस का?’

‘नाही गं. तासभर झाला, इथेच बसून उसवण करतेय.’

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता त्याची नाडी सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० या मर्यादेत चालते, असे मुलीच्या पुस्तकात छापलेले होते. काकूंनी तो आकडा वाचला. दुसऱ्या दिवसापासून मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक नवे माप लिहायला घेतले: सकाळी उठण्यापूर्वी ११०, दुपारी १२०, रात्री ११८. छाती, कंबर, बाही यांच्या आकड्यांशेजारी ते आकडे विचित्र दिसत होते. परंतु ज्या गोष्टीला आजवर धास्ती, नजर, चोचले अशी नावे मिळाली होती, तिला आता एक संख्या मिळाली होती, आणि संख्येला भित्री म्हणता येत नाही.

ती वही घेऊनच त्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. तेथील डॉक्टरांनी वहीचे पान शेवटपर्यंत वाचले. नंतर त्यांनी काकूंना दोन्ही हात पुढे पसरण्यास सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला. मग एक घोट पाणी गिळायला लावून ते गळ्याकडे निरखून पाहत राहिले. गिळताना गळ्याच्या पुढील भागात एक फुगवटा वरखाली झाला. ‘अम्मा,’ डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, ‘तुमचं हृदय घाबरलेलं नाही. त्याला कोणीतरी मागून ढकलतंय. ते कोण, ते आपण शोधू.’ हृदयाचा आलेख काढला गेला, रक्ताच्या चाचण्या झाल्या आणि ढकलणाऱ्याचे नाव कळले. ती होती अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड.

गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिचे वजन सुमारे २० ग्रॅम. शरीरातील प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करावे, हे तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. तिला कामाचा हुकूम देते ती मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. डॉक्टरांनी काकूंना ही गोष्ट त्यांच्याच व्यवसायाच्या भाषेत समजावली. दुकानाचा मालक कारागिराला चिठ्ठी देतो, तेवढेच कपडे कारागीर शिवतो. माल जास्त झाला की मालक चिठ्ठ्या थांबवितो. काकूंच्या शरीरात मालकाने चिठ्ठ्या केव्हाच थांबविल्या होत्या. परंतु रोगांशी लढण्यासाठी असलेल्या त्यांच्याच शरीरातील यंत्रणेने चुकून खोट्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली होती. ग्रंथी त्या खऱ्या मानून रात्रंदिवस माल काढत होती. म्हणूनच रक्तात पीयूषिकेचे संप्रेरक नाममात्र उरले होते आणि अवटूची संप्रेरके मात्र वाढली होती. भूक, उतरलेले वजन, थंडीतला घाम, थरथर, उडालेली झोप आणि धडधड ही सहा वेगळी दुखणी नव्हती. ते एकाच दुखण्याचे सहा निरोप होते.

या आजाराला डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे नाव आहे. १८३५ मध्ये त्यांनी ज्या रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, त्या तीन स्त्रिया होत्या. तिघींची तक्रार एकच होती: दीर्घकाळ चालणारी जोराची धडधड. आणि तिघींची अवटू ग्रंथी वाढलेली होती. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

काकूंच्या मनात एक शंका होती. भीती वाटली म्हणजेही अशीच धडधड होते; मग दोन्हींत फरक काय? या शंकेचे उत्तर दुसऱ्या एका ग्रंथीपाशी आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या लहानशा ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी किंवा अॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. संकट समोर दिसताच त्या अॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये जाहीर केले. अॅड्रिनलिन क्षणात हृदयाचा वेग वाढविते. संकट सरले की काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. अवटूचे काम याउलट संथ असते. तिचे मुख्य संप्रेरक रक्तात आठवडाभर टिकते, आणि ते वाढले की हृदय अॅड्रिनलिनच्या हाकेला अधिक हळवे होते. साध्या हाकेलाही ते धावत सुटते. भीतीची धडधड झोपेत शांत होते. अवटूची धडधड झोपेतही चालूच राहते. काकूंच्या वहीतील ‘सकाळी उठण्यापूर्वी ११०’ ही नोंद डॉक्टरांना म्हणूनच मोलाची वाटली.

अधिवृक्क ग्रंथी स्वतःही बिघडू शकतात. क्वचित त्यांच्यात एक गाठ वाढते आणि ती मधूनमधून अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडते. तेव्हा धडधडीबरोबर तीव्र डोकेदुखी, घाम आणि वाढलेला रक्तदाब यांचे झटके येतात. याच्या उलट प्रकार लंडनचे डॉक्टर थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिला. त्यात या ग्रंथी निकामी होत जातात; माणूस खंगतो, रक्तदाब उतरतो, त्वचा काळवंडते. काही जणांना अवटू आणि अधिवृक्क या दोन्ही ग्रंथींचे आजार जडतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना असे दोन्ही विकार होते. अधिवृक्क ग्रंथी दुबळ्या असताना त्यांवर उपचार न करता थायरॉईडची गोळी सुरू केली, तर रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी काकूंचा रक्तदाब बसवून आणि उभे करून मोजला, डोकेदुखीच्या झटक्यांची चौकशी केली आणि त्या बाजूची शंका दूर केली. बाजारात ‘अॅड्रिनल थकवा’ या नावाने चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात. अशा आजाराला वैद्यकशास्त्राची मान्यता नाही, हेही त्यांनी सांगितले.

४ मे १९९१ या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश धावत असताना त्यांना धाप लागली. हृदयाचे ठोके जलद आणि अनियमित पडत होते. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि थोड्याच दिवसांत कारण सापडले: हाच ग्रेव्ह्जचा आजार. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही तो आधी झालेला होता. राष्ट्राध्यक्षाची धडधड जगाने हृदयाची धडधड म्हणून ऐकली. ‘उगीच मनावर घेऊ नका’ असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात आले नाही. कॉटनपेटेतल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला तेच निदान मिळायला चैत्र ते मार्गशीर्ष लागले. आजार सारखाच होता. फरक ऐकणाऱ्यांत होता. आणि हा फरक किरकोळ नाही. असा आजार उपचारांवाचून राहिला, तर ठोक्यांची लय बिघडते, हृदय थकते, कधी रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघातही होऊ शकतो.

काकूंना दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. एक प्रोप्रॅनोलॉल, ती हृदयापर्यंत पोचणारी अॅड्रिनलिनची हाक अडविते. तिच्यामुळे काही दिवसांतच थरथर आणि धडधड कमी झाली. ही गोळी दमा असलेल्यांना देत नाहीत, म्हणून आधी तसा प्रश्न विचारला गेला. दुसरी कार्बिमॅझोल, ती ग्रंथीचे उत्पादन कमी करते, पण तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. या गोळीविषयी डॉक्टरांनी एक ताकीद दिली. ताप आला किंवा घसा फार दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायला यायचे. कारण क्वचित या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. काकूंनी ती ताकीद वहीत लाल अक्षरांत लिहिली. गोळ्यांनी भागले नाही, तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्गही असतात, असे त्यांना सांगण्यात आले.

निदान झाल्यावर सल्ल्यांची दिशा बदलली, पण सल्ले थांबले नाहीत. ‘आयोडीनच्या मिठाने हे सारं होतं, साधं मीठ वापर,’ असे एका शेजारणीने सुचविले. डॉक्टरांनी मीठ बदलू दिले नाही. या मिठामागे आपल्याच देशातील एक मोठी कहाणी आहे. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्पिढ्या गळ्याला गलगंड येत. लोक त्याला नशीब मानत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे मीठ देऊन गळे तपासले, आकडे मांडले आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेथेही नशिबाला उत्तर दिले ते मोजमापाने.

दोन महिन्यांनी वजन भरू लागले. मग घरात नवाच सूर निघाला: ‘आता बरं वाटतंय ना? मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न प्रेमाचा होता, पण घातक होता. हा उपचार साधारणपणे एक ते दीड वर्ष चालतो, मध्येच सोडला तर आजार उलटतो, असे काकूंनी शांतपणे सांगितले आणि वही पुढे केली. या वेळी सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी चष्मा लावून ते आकडे एकदा वरून खाली वाचले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘माझ्या धाकट्या बहिणीलाही असंच व्हायचं. डोळे मोठे, अंगात घाम, छाती सारखी धडधडायची. आम्ही तिला भित्री भागूबाई म्हणायचो.’ ती बहीण चाळिशीतच गेली होती. तिला कोणता आजार होता, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हते. कारण तिच्या मनगटाला त्या काळी कोणी हात लावला नव्हता.

प्रत्येक धडधडीमागे अवटू ग्रंथीच असते, असे नाही. रक्तक्षय, ताप, हृदयाच्या लयीतील दोष, काही औषधे आणि खरोखरची चिंता ही कारणेही असतात. चिंता हेदेखील दुखणेच आहे आणि त्यालाही उपचार आहेत. धडधडीबरोबर छातीत दुखले, धाप लागली किंवा भोवळ आली, तर वही आणि घड्याळ बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे लागते. मात्र कारण कोणतेही असो, ते शोधण्याआधी ऐकणाऱ्याने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. चाचणी त्यानंतर येते.

पुन्हा चैत्र आला. करग्याच्या रात्री पेठ उजळली. काकू दारात उभ्या राहून मिरवणूक पाहत होत्या. सकाळीच त्यांनी एका नव्या ब्लाऊजची काज-बटणे पूर्ण केली होती. सुईत दोरा पहिल्याच प्रयत्नात गेला होता. वहीतला त्या दिवसाचा आकडा होता ७६.

मिरवणूक पुढे सरकली, तेव्हा समोरच्या घरातील नवी सून जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘काकू, हल्ली मला छातीत फार धडधडतं. घरी म्हणतात, माहेरची आठवण येते म्हणून.’

काकूंनी तिला काही विचारले नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी तिला आत नेऊन खुर्चीवर बसविले, स्वस्थ होऊ दिले, घड्याळ हातात घेतले आणि तिच्या मनगटावर तीन बोटे ठेवली.